ग्रॅमबाईच्या पोटातला लाल

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात माणूस शिंकला, की त्याच्या रुमालावर चालू आठवडा उमटायचा. हिरव्याचा आठवडा असला तर हिरवा, निळ्याचा असला तर निळा. कानांतून, नखांतून, अंघोळीच्या पाण्यातून तोच रंग दोन-दोन, तीन-तीन दिवस निघत राहायचा आणि त्याचं कुणालाही काही वाटायचं नाही. नवा माणूस पहिल्या दिवशी घाबराघुबरा होऊन थुंकी दाखवायला आला की जुने खदाखदा हसायचे. "चला, आता भरती झालास! रंग लागला म्हणजे नोकरी लागली!"

या कारखान्यात रंगाची पूड तोलायची एक खोली होती आणि त्या खोलीत बावीस वर्षं एकच बाई उभी होती. तिला सगळे ग्रॅमबाई म्हणत. अंगानं काडी, बोलण्यात तोफ. घाईच्या दिवसांत मालक एकदा म्हणाला होता, "अहो बाई, दोन ग्रॅम इकडे-तिकडे झालं म्हणून काय आभाळ कोसळतंय?" तर ही म्हणाली, "कोसळत नाही साहेब, पण त्याचा रंग बदलतो." मालकानं त्यानंतर तोलायच्या खोलीत पाऊल टाकताना आधी दार वाजवायला सुरुवात केली.

घरीही तेच. भातात मीठ घालताना ती मूठ हवेत धरून क्षणभर थांबायची, तेवढ्यात सून टोमणा मारायची, "अहो आई, मीठ आहे ते! शिक्का मारून पाठवायचं नाहीये." ही सून टेंपो चालवायची. गोदामातून कोऱ्या कापडाचे तागे आणायचे, रंगवलेले घेऊन जायचे. मुलगा जहाजावर होता, वर्षातून दोन महिने घरी. त्यामुळे घर या दोघींचंच होतं आणि भांडणंही दोघींचीच, आणि दोघींनाही ती मनापासून आवडायची.

त्या वर्षी काळ्याचा आठवडा लांबला. एका मोठ्या कंपनीच्या गणवेशांचं काम, सगळं काळं, तेही उठाव असलेलं काळं, धुतलं तरी करडं न पडणारं. दिवसाला दुप्पट तोलाई. ग्रॅमबाईचे गुडघे आधीच बोलत होते, आता ओरडायला लागले. पण तिनं दाद दिली नाही. तिला मजाच येत होती. एवढा खोल काळा तिनं आजवर बांधला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन ती सुनेला सांगायची, "अगं, काळा म्हणजे नुसता अंधार नव्हे. त्याच्या पोटात निळा असतो, तांबडा असतो. नीट तोलला तर तो आतून श्वास घेतो!" सून म्हणायची, "तुम्ही घ्या आधी श्वास. पायऱ्या चढताना किती धापा टाकताय."

धापा होत्या खऱ्या. शौचालाही काळं होत होतं. पण काळ्याच्या आठवड्यात काळं होणार नाही तर काय पिवळं होणार? पूड नाकातोंडात जातेच. ग्रॅमबाईनं त्याचा विचारही केला नाही. शनिवारी काळं संपलं. रविवारी यंत्रं धुतली. सोमवारपासून पिवळा सुरू झाला, शाळेच्या बसवाल्यांचा लखलखीत पिवळा. तिचं मात्र काळंच चाललं होतं.

मंगळवारी दुपारी तिला उलटी झाली. मोरीत, एकदाच. तपकिरी, दाणेदार, गाळणीत उरलेल्या चोथ्यासारखी. तिनं पाण्याची बादली ओतली आणि पदरानं तोंड पुसत बाहेर आली. दारात बॉयलरवाला उभा होता. तिच्याच वयाचा, कारखान्यातल्या प्रत्येक दुखण्यावर ज्याच्याकडे मत असायचं असा.

"काय बाई, काय झालं?"

"काही नाही. उलटी. तपकिरी."

"मग बरंच झालं! काळ्याचा गाळ सुटतोय. यंत्र नाही का आपण धुतो? पहिल्या पाण्याला असंच तपकिरी येतं. अजून एकदा झाली की पोट साफ!"

कारखान्यातल्या माणसाला हे इतकं पटण्यासारखं होतं, की दोघंही समाधानानं आपापल्या कामाला गेली.

बुधवारी सकाळी अकरा वाजता ग्रॅमबाई पिवळ्याची तिसरी तोलाई करायला उभी होती. तिनं काट्यावर रिकामं प्लास्टिकचं घमेलं ठेवलं, बटण दाबून शून्य केलं, पुडीच्या ड्रमकडे हात नेला आणि पोटातून काहीतरी गरम, भरभरून, न विचारता वर आलं. मोरीपर्यंत जायला वेळच मिळाला नाही. घमेलं समोर होतं. त्यात झालं.

तिनं काट्याची कड घट्ट धरली होती. डोळे उघडले तेव्हा काट्यावर हिरवे आकडे थरथरत होते आणि मग स्थिर झाले. चारशे दहा ग्रॅम. घमेल्यात लाल होतं. मध्ये मध्ये काळसर गुठळ्या, बाकी लाल.

हा लाल तिनं पाहिला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी, माहेरच्या मागच्या खोलीत. पितळेच्या परातीत. परात तिच्याच हातात होती आणि समोर तिचा दादा ओणवा झाला होता, सगळ्यांचा लाडका, गाणारा, हसवणारा, आणि दिवसाढवळ्या पिणारा. दारूनं त्याचं यकृत खाल्लं होतं. त्यामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आणि एक दिवस फुटल्या, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, सगळं आटोपल्यावर. तिनं सासरी सांगितलं, दादा हृदयविकारानं गेला. हेच तिनं नवऱ्याला, मुलाला, शेजारणींना सांगितलं. तिनं स्वतः आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. तरी मनात एक गोष्ट रुतून बसली होती, की आपण एकाच आईच्या पोटचे, त्याच्या आत जे फुटलं ते आपल्याही आत गुंडाळून ठेवलेलं असणार. कधीतरी उलगडणार. आज उलगडलं. आणि आता लोक काय म्हणतील? तोलायच्या खोलीत एकटी असायची, दार लावून. कुणाला ठाऊक काय प्यायची!

तिनं घमेलं उचललं आणि मोरीकडे वळली.

"थांबा!"

दारात सून उभी होती, हातात टेंपोची किल्ली. मागे बॉयलरवाला.

"अहो आई, काय आहे ते?"

"काही नाही गं. रंग."

"हा कसला रंग? पिवळा चाललाय ना?"

बॉयलरवाला पुढे झाला. "अगं पोरी, यंत्राच्या नळ्यांत जुना लाल अडकलेला असतो. त्याची वाफ नाकात जाते. मागे मला नाही का–"

"काका, तुम्ही जरा गप्प बसा." सून खोलीत शिरली. भिंतीपाशी लाल रंगाचे तीन ड्रम रांगेत उभे होते. तिनं पहिल्याच्या झाकणावरून बोट फिरवलं आणि ते बोट दोघांच्या नाकासमोर धरलं. बोटावर धुळीचा करडा थर होता. "आई, हे झाकण शेवटचं कधी उघडलंत?"

ग्रॅमबाईला खोटं बोलता आलं असतं. पण तोलाईच्या हिशेबात खोटं बोलायची तिच्या जिभेला सवय नव्हती.

"तेवीस दिवस झाले."

"मग हा लाल कुठून आला?"

बॉयलरवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा मत सुचलं नाही.

ग्रॅमबाई पुटपुटली, "मी हे धुते आधी, मग–"

"धुवायचं नाही!" सून ओरडली, इतक्या जोरात की बाहेरचे दोघेतिघे वळून बघायला लागले. "हे डॉक्टरांना दाखवायचं. काका, प्लास्टिक द्या वर बांधायला. आणि आईंना धरा त्या बाजूनं. उभ्या उभ्या पडतील."

टेंपोत पुढच्या सीटवर सासू, सासूच्या मांडीवर झाकलेलं घमेलं, मागे पिवळे तागे. सुनेनं हॉर्नवर हात ठेवला तो रुग्णालयाच्या फाटकापर्यंत काढलाच नाही. "अगं, हळू! माल आहे मागे!" "मालाची चिंता आहे तुम्हाला? शुद्धीवर आहात म्हणजे! बोलत राहा, आई, शिव्या द्या मला, पण बोलत राहा!" ग्रॅमबाईनं तीन सिग्नल शिव्या दिल्या. चौथ्याला तिचं डोकं काचेला टेकलं आणि ओठ पांढरे पडले.

तातडीच्या विभागात तिला आडवी केली. पाय उंच केले, दोन्ही हातांना सुया लागल्या, सलाईन धावायला लागलं. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, डोळ्यांवर चष्मा, आवाजात जराही लगबग नाही आणि हात मात्र सारखे चालू. त्यांनी तळहात पाहिला, खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबलं, नाडी मोजली आणि मग घमेल्यावरचं प्लास्टिक सोडलं.

"हे बरोबर आणलंत ते फार चांगलं केलंत. साधारण किती?"

"अर्धं घमेलं," सून म्हणाली.

"अर्धं काय अर्धं!" पलंगावरून क्षीण पण खवळलेला आवाज आला. "चारशे दहा ग्रॅम!"

डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. "मोजलंत?"

"काट्यावरच झाली," सून म्हणाली. "त्यांची उलटीसुद्धा शून्य करून होते."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि हसत हसतच प्रश्नांचा मारा सुरू झाला. खोकल्यातून आलं की उलटीतून? खोकल्यातलं फेसाळ असतं, फुप्फुसातून येतं, म्हणून विचारते. नाकातून रक्त येऊन घशात उतरलं का? बीट खाल्लं होतं? नाही? आधी खूप कोरड्या उलट्या झाल्या आणि मग रक्त आलं का? तसं झालं तर अन्ननलिकेला चीर जाते कधी कधी. तेही नाही? काल काही झालं होतं?

"काल तपकिरी. चोथ्यासारखी."

"म्हणजे रक्त पोटात थांबून आंबलं होतं. शौचाला?"

"काळ्याचा आठवडा होता ना," ग्रॅमबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हे कळलं नाही. सुनेनं समजावलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काळी म्हणजे डांबरासारखी? चिकट? आणि वास? नेहमीपेक्षा वेगळा, उग्र?"

वास होता. दहा दिवस होता. बावीस वर्षं डोळ्यांवर विसंबून तिनं नाकाला कामावरून काढूनच टाकलं होतं.

"तो रंग नव्हता, मावशी. तुमचं रक्त पचून काळं होऊन जात होतं. दहा दिवस. धाप त्याचीच." मग त्या तशाच सरळ आवाजात म्हणाल्या, "दारू?"

"थेंब नाही!" ती उठूनच बसायला लागली. सिस्टरनं तिला परत आडवी केली. "शपथ घेऊन सांगते, थेंब नाही!"

"हे मी सगळ्यांनाच विचारते. कावीळ? यकृताचा आजार? घरात कुणाला असं झालं होतं?"

"नाही," ग्रॅमबाई म्हणाली. छताकडे बघत म्हणाली.

"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकही नाही. औषधाच्या वाटेलाच जात नाही मी."

"आई!" सुनेनं कपाळावर हात मारला. "आणि गुडघ्याच्या? सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर दोन, दुपारी एक, घरी आल्यावर एक?"

"त्या काय गोळ्या आहेत? त्या दुखण्याच्या आहेत! सगळा कारखाना खातो."

डॉक्टरीणबाईंनी पेन पुन्हा उचललं आणि त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. "किती दिवस?"

"दिवस कसले, दोन वर्षं," सून म्हणाली. "काळ्याच्या आठवड्यात तर चारच्या सहा झाल्या."

रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन साडेसात. रक्ताची पिशवी मागवली, आम्ल कमी करणारं इंजेक्शन शिरेतून सुरू झालं. रक्तदाब सावरला की दुर्बीण घालायची ठरली, तोंडातून, अन्ननलिकेतून, जठरात. "गोळ्यांनी जखम झाली असावी असं वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वाटण्यावर मी जात नाही. आत पाहिल्याशिवाय खरं कारण सांगणार नाही."

हे वाक्य ऐकलं आणि ग्रॅमबाईला ही बाई एकदम आवडली.

सून कागदांवर सह्या करायला गेली तेव्हा तिनं डॉक्टरीणबाईंचा हात धरला. "एक विचारू? नळीतून जाताना... शिरा फुगलेल्या असल्या तर लगेच दिसतात?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दिसतात. जठराच्या आधीच लागतात त्या. का हो?"

"मला बोलता येणार नाही ना तेव्हा. नसल्या तर कुणीतरी सांगा. लगेच. शेवटपर्यंत ताटकळवू नका मला."

"नसल्या तर सिस्टर तुमच्या खांद्यावर दोनदा थोपटतील. चालेल?"

"आणि असल्या तर?"

"तर एकदाही नाही. पण आम्ही तिथंच त्या बांधून टाकू. तेही करता येतं आता."

तेही करता येतं! सत्तावीस वर्षं ती ज्याला मरण समजत होती, त्याला आता बांधून टाकता येत होतं.

घशात कडू फवारा मारला. जीभ परक्याची झाली. डाव्या कुशीवर वळवलं, दातांत प्लास्टिकचं कडं दिलं. काळी बारीक नळी आत शिरली तशी पोटातून उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं. "गिळा, मावशी, गिळा, छान!" आणि मग तिला समोरचा पडदा दिसला.

ती आपल्या आत चालली होती. ओला, उजळ, गुलाबी बोगदा. एवढी वर्षं तिला वाटलं होतं की आत अंधार असेल. आणि इथे तर रंग होता! कारखान्यातला एकशे बारा नंबरचा गुलाबी, पण त्याहून जिवंत, भिजलेल्या रेशमासारखा, सुरकुत्या पडत, उघडत, मिटत. तिचे डोळे विस्फारले. नळी पुढे सरकत होती. इथेच असणार. दादाच्या शिरा इथेच फुटल्या होत्या. बोगद्याची भिंत गुळगुळीत. अजून पुढे. गुळगुळीत. खांद्यावर सिस्टरचा हात होता आणि तो हात हलत नव्हता.

मग एक थाप पडली.

ती वाट बघत राहिली. पडद्यावर वळण आलं. एकच होती का? चुकून लागला का हात? 

दुसरी.

ग्रॅमबाईच्या घशातून, नळी असतानाच, एक आवाज निघाला. "मावशी, हलू नका!" ती हलली नाही. पण आतून ती नाचत होती.

पुढे जठर, त्यात काळ्या गुठळ्यांचं डबकं. पाण्याचा फवारा, डबकं ओढून घेतलं. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे, वळणावरच, पांढरट तळाचा खड्डा. खड्ड्याच्या मधोमध लाल ठिपका, आणि ठिपक्यातून झुळझुळ लाल.

"हा बघा. सापडला."

सुई आली, खड्ड्याभोवती टोचली. मग नळीतून एक इवलासा धातूचा चिमटा बाहेर आला, उघडला, ठिपक्यावर बसला, मिटला. झुळझुळ थांबली. ग्रॅमबाईनं सुई लावलेला उजवा हात उचलून जोरजोरात पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली. तिकडे अजून लाल आहे, सुटलाय तुमच्याकडून! डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या, "ते आधीचं साचलेलं आहे, मावशी. तुम्ही रंग तोला, हे आमच्यावर सोडा." आणि जंतूंच्या तपासणीसाठी त्यांनी जठराचा मोहरीएवढा तुकडा काढून घेतला.

दुपारी वॉर्डात आणलं तेव्हा तिचा घसा सोलवटला होता आणि तोंड बंद होत नव्हतं. "अगं, आत काय सुंदर आहे! तू बघायला हवं होतंस! आणि तो चिमटा! केवढासा, पण काय हात त्या बाईचा! तो हात मला द्या म्हणावं तोलायच्या खोलीत!" सून ऐकत होती आणि डोळे पुसत होती आणि म्हणत होती, "गप्प पडा आता. घसा दुखेल." बॉयलरवाला दारापर्यंत येऊन गेला. मत द्यायला नव्हे, ऐकायला. ग्रॅमबाईनं त्याला पलंगाशी उभा करून विचारलं, तू त्या गुडघ्याच्या गोळ्या किती खातोस, पोट जळतं का, आणि सुनेसमोरच, शौचाचा रंग कोणता. तो लाजून लाल झाला. पण उत्तरं सगळी दिली, आणि दुसऱ्या दिवशी तपासून घ्यायचं कबूल करूनच सुटला.

सकाळी डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. रात्रीत पुन्हा रक्त पडलं नव्हतं. नाडीचा वेग उतरला होता. तुकड्यात जंतू सापडले होते. त्यांनी आधीच अस्तर कुरतडलं आणि उपाशीपोटीच्या गोळ्यांनी खड्डा पाडला. दोन आठवडे जंतूंचं औषध, दोन महिने आम्लाचं, आणि त्या गोळ्या कायमच्या बंद. गुडघ्यांसाठी दुसरं काहीतरी बघू.

"यकृत?" ग्रॅमबाईनं विचारलं.

"ठणठणीत. शिराही ठीक. तुमच्या आत तसलं काहीही नाही." त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि फाइल उघडली. "काल घाईत एक प्रश्न राहिला. म्हणजे, उत्तर राहिलं. घरात कुणाला असं झालं होतं का?"

सून बाजूला संत्र्याचा रस ओतत होती. ग्रॅमबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग फाइलकडे.

"माझ्या दादाला," ती म्हणाली. "सख्ख्या. दारूनं. तेहतीस वर्षांचा होता."

रसाची धार थांबली. "आई, मामा तर हृदयविकारानं–"

"नाही गं. मी खोटं सांगत आले. लाज वाटायची." बोलताना तिला वाटलं होतं आवाज फुटेल, पण तो मोकळा निघाला, उलट चढतच गेला. "रक्त ओकत होता. दोन दिवस ओकत होता. आम्ही परात धुवायचो आणि दार लावून घ्यायचो. लोकांना कळू नये म्हणून. मी धुवायचे. माझ्या हातांनी."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. "साधारण किती झालं होतं, आठवतं?"

सून येऊन तिच्या पाठीशी बसली.

"मोजलं नाही," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं पेन कुरकुरत पुढे सरकलं. मग ग्रॅमबाईनं मान उंचावून फाइलीत डोकावलं आणि एकदम सरसावून बसली.

"अहो, हे काय लिहिलंय माझ्या नावापुढे? 'सुमारे चारशे'? सुमारे कशाला! चारशे दहा लिहा!"